दाण्यांतील विकरें आणि धानाची राखण

मृगाच्या सरी पडल्यावर गोंदिया जिल्ह्यांतील शेतकरी पऱ्ह्यांकरितां धान भिजत घालतो. दोनतीन दिवसांत दाण्यास पांढरा कोंब फुटतो. या कोंबास अद्याप हिरवें पान नाहीं, मातींत पसरलेलें मूळ नाहीं. मग तो कशावर वाढतो? दाण्यांत सांठविलेल्या पिष्टावर, असें कोणीही सांगेल. परंतु पिष्ट थंड पाण्यांत विरघळत नाहीं, आणि जें विरघळत नाहीं तें कोंबापर्यंत पोहोंचावें कसें? बियाण्याची उगवण, भिजलेल्या कडपांची नासाडी आणि कोंड्याचा खवटपणा या तिन्ही गोष्टी या एकाच प्रश्नाशीं निगडित आहेत. म्हणून त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनविणारें एक द्रव्य दाण्यांत उत्पन्न होतें. अशा द्रव्यांस विकरें किंवा एन्झाइम म्हणतात. सन १८३३ मध्यें पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं मोड आणलेल्या धान्यापासून असें द्रव्य प्रथम वेगळें काढलें. १८९७ सालीं जर्मनींत बुक्नर यांनीं यीस्ट कुटून पिळून काढलेल्या, जिवंत पेशी नसलेल्या रसानेंही साखर आंबते हें दाखविलें. पुढें १९२६ सालीं अमेरिकेंत समनर यांनीं अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून एक विकर स्फटिकरूपानें मिळविलें व तें प्रथिन आहे असें सिद्ध केलें. आज ज्ञात असलेलीं बहुतेक विकरें प्रथिनेंच आहेत.

विकर करतें तरी काय? गूळ विस्तवांत टाकला तर जळून उष्णता देतो. तोच गूळ आपल्या शरीरांत, ज्वाळेवांचून, अंगाच्या साध्या उष्णतेंत पायरीपायरीनें खर्ची पडतो. गाडीस उंच घाट ओलांडावयाचा असतां कोणी ठेंगणी खिंड दाखवावी, तसें विकर रासायनिक क्रियेस सोपी वाट करून देतें. त्यावांचून जी क्रिया व्हावयास वर्षे लागलीं असतीं ती क्षणांत होते. वाट दाखवून तें स्वतः खर्ची पडत नाहीं, दुसऱ्या कणाकडे वळतें. मात्र ज्या कुलपाची जी किल्ली तीच त्यास लागते. पिष्टाचें विकर तेलास फोडीत नाहीं. भाताचा घांस बराच वेळ चावला असतां गोड लागतो, तें लाळेंतील अशाच एका विकराचें काम होय. विकरें नसतीं तर खाल्लेलें अन्न पोटांत तसेंच पडून राहिलें असतें, आणि वनस्पती काय, प्राणी काय, कोणासही जगतां आलें नसतें.

विकरास पाणी व ऊब लागते. पाणी नसेल तर तें निजून राहतें. उष्णता फार झाली तर अंड्याच्या बलकाभोंवतालचा पांढरा भाग शिजावा तसें तें कायमचें बिघडतें. शेतकऱ्याच्या हातीं असलेलीं दोन साधनें हींच.

दाणा भिजला कीं त्यांतील अंकुर एक संदेशद्रव्य सोडतो. तें पिष्टाभोंवतालच्या पातळ थरास पोहोंचतें आणि तो थर विकरें तयार करूं लागतो. पोचट दाण्यांत हा सांठाच अपुरा असतो. यासाठीं दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें, तरंगणारे दाणे काढून टाकावे व तळाशीं बसलेलें बीं स्वच्छ पाण्यानें दोनतीन वेळां धुवावें. मोड आणून पेरावयाचें असल्यास तें चोवीस तास भिजवून, पाणी निथळवून, ओल्या गोणपाटाखालीं उबेंत ठेवावें.

जी जागृति पऱ्ह्यांत वरदान, तीच कापणीनंतर शाप ठरते. दिवाळीच्या सुमारास कडपा बांधींत पसरलेल्या असतांना पाऊस आला, तर दाण्यास शेत कोणतें व खळें कोणतें हें कळत नाहीं. ओल मिळतांच विकरें जागीं होतात, लोंबीवरच कोंब फुटतात आणि पिष्ट खाल्लें जातें. असा दाणा भरडतांना फुटतो व कणी वाढते. ओल्या कडपांचे पुंजणे रचले तर श्वसनाच्या उष्णतेनें ते आंतून तापतात आणि अंकुर मरतो. म्हणून भिजलेल्या कडपा उलटून, पूर्ण वाळवूनच पुंजणे रचावे. सरकारी खरेदींत ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. पण दीर्घकाळ सांठवावयाचें धान १४ टक्क्यांखालीं व बियाणें त्याहूनही कोरडें असावें.

कोंड्याची कथा अशीच आहे. अखंड दाण्यांत तेल एकीकडे व तेल फोडणारें विकर दुसरीकडे असतें. गिरणींत साल निघतांच दोघांची गांठ पडते व कांहीं तासांतच कोंडा खवट होऊं लागतो. तेलाकरितां द्यावयाचा कोंडा लवकर वाफवावा लागतो तो यासाठींच. उसना तांदूळ करतांना धान आधींच वाफवितात, त्यामुळें तें विकर नष्ट होऊन कोंडा अधिक टिकतो. परंतु त्याच उष्णतेनें अंकुरही मरत असल्यानें उसन्या धानाचें बीं कधींही होत नाहीं.

शेवटीं एक सूचना. भिजलेल्या राशींतील धान बियाण्यास ठेवण्यापूर्वीं त्यांतील शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळावे, फडकें ओलें राखावें व आठवडाभरानें, फार तर दोन आठवड्यांनीं, चांगले कोंब मोजावे. कापणीनंतर कांहीं वाणांचें बीं थोडे दिवस सुप्त असतें. म्हणून ही परीक्षा पेरणीपूर्वीं पुन्हां करावी. प्रमाणित बियाण्यास शंभरांत निदान ८० उगवण लागते. त्याहून कमी आढळल्यास तें धान बियाण्यास ठेवूं नये. या परीक्षेस एक फडकें पुरतें. ती न केल्यास रोवणीच्या वेळीं पऱ्हे कमी पडून हंगामच हातचा जाण्याचें भय असतें.