पाय मुरगळला असता

वारकरी सज्जनहो, आळंदीहून पंढरीस पायी निघालेल्याचे भांडवल म्हणजे त्याचे दोन पाय. म्हणून आज पायांविषयीच बोलू.

काही वर्षांमागे दिवे घाट चढताना आमच्या दिंडीतील एका टाळकऱ्याचे पाऊल खड्ड्यात वाकडे पडले. घोटा सुजला. आम्हीच म्हणालो, "चला बुवा, चालता चालता मोकळा होईल." मुक्कामी कोणी गरम तेल लावून पाय चोळला, ओढलाही. सकाळी पाहतो तो सूज दुप्पट! पुढे कित्येक महिने तो पाय पुन्हा पुन्हा मुरगळे. त्या अपराधात आमचा वाटा आहे, म्हणून हे लिहितो.

मुरगळणे म्हणजे होते काय? हाडाला हाड बांधणारे चिवट बंध असतात. सुश्रुताने त्यांना स्नायु म्हटले, आणि अनेक बंधनांनी जखडलेल्या फळ्यांच्या नावेचा दृष्टांत दिला. घोट्याच्या बाहेरच्या अंगास असे 3 बंध आहेत. पाऊल आत वळले की त्यांतला पुढचा बहुधा आधी ताणतो, जोर फार झाला तर तुटतो.

मग करावे काय? चालणे थांबवावे. बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटे लावावा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी. बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत ताणाची पट्टी बांधावी. बोटे बधिर वा थंड पडली तर लगेच सैल करावी. आडवे होऊन पाय गाठोड्यावर, छातीहून उंच ठेवावा. पहिले 2-3 दिवस शेक नको, चोळणे तर नकोच.

चार पावलेही टाकवेनात, किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येते, तर हाड मोडल्याची शंका धरून डॉक्टरांकडून क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

सूज उतरू लागली की पाऊल हळूहळू वरखाली हलवावे. पुढे भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. हे टाळले की पाय पुन्हा दगा देतो, बरं का! साधी मुरगळ एक-दोन आठवड्यांत बरी होते. बंध तुटला असल्यास दीड-दोन महिने, कधी अधिकही लागतात.

आता शंका अशी, की दिंडीच्या ट्रकमध्ये बसले तर नेम मोडत नाही काय? समाधान असे: एका वर्षाच्या हट्टापायी पुढच्या दहा वाऱ्यांचा पाय गमावणे, ही निष्ठा नव्हे. ट्रकमध्ये बसा, टाळ तिथेही वाजतो. हे त्या दिवशी आम्ही म्हणायला हवे होते.