सेवेची मुभा आणि शिकवण्याचा अधिकार

धर्मकार्यात स्त्रीचे स्थान कोणते, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांना शिष्या करून घेतले. त्यांच्यापैकी महदाईसा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग तर आजही घरोघरी म्हटले जातात. स्त्रीने भक्ती करावी, सेवा करावी, याला सहसा कोणाची हरकत नसते. ती अधिकाराने शिकवू लागली की मात्र कपाळावर आठ्या पडतात. ख्रिस्ती धर्मसेवेतही हेच घडले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे, असे संत पौलाच्या नावावरील पत्रांत आहे. त्याच पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात फिबी नावाच्या मंडळीच्या सेविकेचा गौरव केला आहे. पुनरुत्थित येशू प्रथम दिसला तोही मरिया मग्दालियेला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. शतकानुशतके चर्चने यांतला पहिला आधार अधिक जवळ केला.

महाराष्ट्रातील मिशनकार्य मात्र स्त्रियांवाचून चालणारे नव्हते. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेने मुंबईत व पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. परक्या पुरुषाला जिथे उंबरठा ओलांडता येत नसे, तिथे ‘बायबलबाई’ जात. त्या बायकांना वाचायला शिकवीत आणि धर्मकथा सांगत. काम मोठे होते, पण व्यासपीठ पुरुषांचेच राहिले.

या मर्यादेला खरा धक्का दिला तो पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२). १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तेथे त्यांनी तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना निघाली. आणि हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास विरोध केला. पुरुषांना शिकविल्यास मायदेशी त्यांचा प्रभाव ओसरेल, असे कारण सांगण्यात आले. भर सभेत पंडितांसमोर बोललेल्या बाईला हे केवढे नवल वाटले असेल! धर्ममताच्या बाबतीतही ‘आम्ही सांगतो ते मान्य करा’ हा आग्रह त्यांनी जुमानला नाही. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

हिंदू समाजाकडूनही त्यांना वेगळी वागणूक मिळाली नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांच्या विश्वासाचा प्रश्न त्यात होता, हे नाकारता येणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात येते. बिशप असोत वा सुधारक, बाईंची सेवा सर्वांना हवी होती. त्यांचा निर्णय मात्र सर्वांना जड जात होता.

रमाबाईंचे उत्तर केडगावच्या मुक्तिसदनात पाहावयास मिळते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना आश्रय दिला. तिथे शेती, विणकाम, छपाई ही कामे बायकाच करीत. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा मराठीत त्यांनी स्वतः संपूर्ण बायबल उतरवले. त्याचे खिळेही मुक्तिसदनातील बायकांनीच जुळवले. ज्या ग्रंथाच्या आधारे स्त्रीला गप्प बसवले जाई, तो ग्रंथ एका स्त्रीने मुळातून वाचून मराठीत आणला! त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा चालवली. गुलबर्गा त्या वेळी आपल्या नांदेड-लातूरप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण माझ्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले आणि रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. धर्मकाव्य पुरे करण्यास त्यांना कोणत्याही पदाची गरज भासली नाही.

मग पदाचे काय? १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज स्त्रियांना दीक्षित धर्मसेविका होता येते. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली ई. पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मात्र पुरोहितपद आजही पुरुषांकडेच आहे. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. तिथेही शाळा व रुग्णालये सांभाळणाऱ्या भगिनी असंख्य आहेत.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळींचा आहे, असे समजून आपण मोकळे होऊ नये. स्नेहसंमेलनात रांगोळी आणि स्वागतगीत मुलींकडे, तर सूत्रे मुलांकडे, ही वाटणी आपल्यालाही अपरिचित नाही. स्त्रीच्या सेवेची स्तुती पुष्कळ झाली. तिने काय शिकवावे, कोणाला शिकवावे आणि कोणता निर्णय घ्यावा हे तिचे तिला ठरवू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. रमाबाईंनी ही परवानगी कोणाकडे मागितली नाही, म्हणूनच मराठी बायबलची ती प्रत आज आपल्यापुढे आहे.