पत्ता किती दशांश स्थळांपर्यंत सांगावा?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक फोटो दाखविला. कडुनिंबाच्या ढोलीतून घुबडाची दोन पिल्ले डोळे वटारून बाहेर पाहत होती. मला इतका आनंद झाला, की तो फोटो नकाशावरील खुणेसकट मी आमच्या मित्रमंडळींच्या गटावर लगेच पाठवून दिला. तेथून तो आणखी कोठे कोठे गेला, कोण जाणे!

आठ दिवसांनी आम्ही दोघे त्या झाडापाशी गेलो, तेव्हा ढोली रिकामी होती. खोडावर दगड मारल्याच्या खुणा होत्या आणि खाली चिवड्याच्या रिकाम्या पुड्या पडल्या होत्या. ज्यांच्या धुऱ्यावर ते झाड आहे ते काका म्हणाले, "मास्तर, आठ दिवसांपासून इथं जत्राच भरली जी! पाखरं काई राह्यले नाई."

पिल्ले आपणहून उडून गेली, की कोणी नेली, हे कळले नाही. परंतु चूक कोणाची होती हे मला पक्के कळले. ज्यांना त्या जागेशी काही कर्तव्य नव्हते, अशांना मी तिचा पत्ता पाच दशांश स्थळांपर्यंत अचूक देऊन टाकला होता. दशांश स्थळांचा आणि घुबडाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तोच आज आपण पाहू या. हा हिशेब घुबडाइतकाच तुम्हालाही लागू पडतो.

मोबाइलला जागा कशी कळते?

जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत' एवढाच संदेश ते सतत पाठवीत असतात. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख कि.मी. वेगाने येतात. डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ ०.०६७ सेकंद लागतात. या उशिरावरून उपग्रहाचे अंतर निघते. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले, तर अंतर ३०० मीटरने चुकते! मोबाइलमध्ये अणुघड्याळ नसते, म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्याबरोबर घड्याळाची चूक हेही एक अज्ञात धरावे लागते. चार अज्ञाते सोडविण्यासाठी चार समीकरणे हवीत, म्हणून निदान चार उपग्रह 'ऐकावे' लागतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या व्यवहारात मोबाइल फक्त ऐकतो, उपग्रहाला उलट काहीच सांगत नाही. म्हणजे तुम्ही कोठे आहात हे त्या उपग्रहाला कळतच नाही. मग आपला पत्ता फुटतो कसा? तो जमिनीवर फुटतो. मोबाइलने काढलेले उत्तर एखादे ॲप आपल्या कंपनीकडे पाठविते. कॅमेऱ्याला 'लोकेशन'ची परवानगी दिलेली असेल, तर फोटोच्या फायलीत तारीख आणि वेळेबरोबर अक्षांश-रेखांशही लिहिले जातात. काही ॲप फोटो पाठविताना ही नोंद काढून टाकतात; पण तीच मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविली, तर नोंद बरोबर जाते. आणि माझ्यासारखे उत्साही लोक तर नकाशावरची खूण स्वतःच्याच हाताने पाठवितात!

दशांश स्थळांचा हिशेब

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी. आपल्या अमरावतीजवळ रेखांशाचा एक अंश थोडा लहान, सुमारे १०४ कि.मी. भरतो. आता अक्षांशातील आकडे किती अंतर दाखवितात ते पाहा :

पूर्ण अंश — १११ कि.मी.
१ दशांश स्थळ — ११ कि.मी.
२ दशांश स्थळे — १.१ कि.मी.
३ दशांश स्थळे — १११ मीटर
४ दशांश स्थळे — ११ मीटर
५ दशांश स्थळे — १.१ मीटर

अकोला शहराचे स्थान सुमारे २०.७१ उत्तर, ७७.०० पूर्व आहे आणि चिखलदऱ्याचे २१.४० उत्तर, ७७.३२ पूर्व. दोन्ही पूर्ण अंशात लिहून पाहा. दोघांचेही उत्तर '२१, ७७' असेच येते! म्हणजे पूर्ण अंशात सांगितलेला पत्ता अकोल्याचा की चिखलदऱ्याचा, हेही ओळखता येत नाही. उलट पाच स्थळांपर्यंतचा पत्ता थेट झाडाच्या बुंध्यापाशी नेऊन उभा करतो. (उघड्या आकाशाखालीही मोबाइलची अचूकता साधारण ५ मीटर असते, तेव्हा पडद्यावर दिसणारे सहावे स्थळ शोभेचे समजा.)

प्रयोगवहीत 'सार्थ अंक' किती लिहावे, हे आम्ही तुम्हाला शिकवितो. उपकरणाला जितके कळते तितकेच लिहावे, हा तेथला नियम. खाजगीपणाचा नियम त्याच्या शेजारचाच आहे : ऐकणाऱ्याच्या कामाला जितके लागतात तितकेच अंक सांगावे. हवामान सांगणाऱ्या ॲपला एक दशांश स्थळ भरपूर झाले. अमरावतीत पाऊस येणार का, हे सांगायला त्याला तुमच्या घराचे दार कशाला हवे? नवीन मोबाइलमध्ये 'अचूक' आणि 'अंदाजे' अशा दोन प्रकारांनी परवानगी देता येते, ती याचसाठी.

वाघाचा पत्ता

जंगलातल्या प्राण्यांना मोबाइल नसतो, पण काहींच्या गळ्यात जी.पी.एस.चा पट्टा असतो. मध्य प्रदेशातील पन्ना येथील 'पन्ना-२११' या वाघाला २०१३ च्या फेब्रुवारीत असा पट्टा बांधला होता. वाघ कोठे आहे याच्या नोंदी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञाकडे ई-मेलने येत. त्याच वर्षी जुलैमध्ये कोणीतरी त्या शास्त्रज्ञाचे ई-मेल खाते उघडण्याचा प्रयत्न केला. हा प्रयत्न झाला होता पुण्याहून! सर्व्हरने तो रोखला. आतील नोंदीही सांकेतिक रूपात होत्या, त्यामुळे खाते उघडले असते, तरी त्या सहज वाचता आल्या नसत्या. प्रयत्न करणाऱ्याचा हेतू काहीही असो. वाघाचे रक्षण करण्यासाठी गोळा केलेली माहितीच वाघाच्या जिवावर उठू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

आपल्याला हा प्रश्न दूरचा नाही. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेला मेळघाट आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे आणि त्याचा नरनाळ्याचा भाग अकोला जिल्ह्यात येतो. सहलीला गेलात तर फोटो जरूर काढा, पण त्याआधी कॅमेऱ्याचे 'लोकेशन' बंद करा.

नाव काढले म्हणजे झाले का?

"पण सर, माझे नाव तर त्यात नसते," असे विद्यार्थी नेहमी म्हणतात. नाव नसून काय बिघडते ते पाहा. युरोपातील एका देशातल्या १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत नावे नव्हती. कोणत्या तासाला मोबाइल कोणत्या टॉवरपाशी होता, एवढेच होते. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : एखाद्याच्या फक्त चार जागा आणि वेळा कळल्या, तर १०० पैकी ९५ जणांची नोंद इतर सर्वांपासून वेगळी ओळखता येते. घर, शाळा, शिकवणी आणि मैदान, झाल्या चार जागा! सकाळी सातला तुमच्या गल्लीत, अकराला तुमच्या शाळेत आणि सहाला तुमच्याच शिकवणीत असणारी दुसरी व्यक्ती कोण असणार?

सरासरीचा दगा

मग रोज खरा पत्ता एखाद्या किलोमीटरने मनाला येईल तिकडे सरकवून सांगितला तर? कल्पना चांगली वाटते, पण भौतिकशास्त्राचा विद्यार्थी फसणार नाही. लंबकाचा आवर्तकाल आपण एकदाच न मोजता दहा वेळा का मोजतो? कधी चूक जास्तीची होते, कधी कमीची. सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. १०० वाचनांच्या सरासरीतील चूक एका वाचनातील चुकेच्या सुमारे दशांश उरते. तसेच येथे होते. तुमचे १०० दिवसांचे सरकवलेले पत्ते कोणी गोळा केले आणि त्यांची सरासरी काढली, तर किलोमीटरची चूक सुमारे १०० मीटरवर येते. तुमची गल्ली सापडली!

यावर सोपा उपाय म्हणजे ठरलेली चौकट. निसर्गनिरीक्षणे नोंदविण्याच्या 'आयनॅचरलिस्ट' या प्रकल्पात धोक्यात आलेल्या जातींचे ठिकाण ०.२ अंश लांब-रुंद चौकटीतील कोणत्याही एका बिंदूवर दाखवितात. आपल्याकडे ही चौकट सुमारे २२ कि.मी. गुणिले २१ कि.मी. होईल. चौकट पक्की असल्यामुळे हजार नोंदींची सरासरी काढली, तरी हाती येतो चौकटीचा मध्य, घरटे नाही.

मोघम चालेल, खोटे नको

येथे एक सावधगिरी हवी. पत्ता लपवायचा म्हणून खोटा पत्ता दिला, तर तेही नुकसानीचेच. रानपिंगळा या छोट्या घुबडाची कथा ऐका. शास्त्राला या पक्ष्याची ओळख १८७३ साली झाली. १८८४ नंतर तो कोणालाच सापडला नाही. मात्र संग्रहातील एका नमुन्यावर 'मांडवी, गुजरात, १९१४' अशी चिठ्ठी होती आणि खाली माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाचे नाव होते. पक्षी शोधणाऱ्यांची त्या पत्त्याने दिशाभूल केली. पुढे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले, की तो नमुना डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला होता. माइनर्ट्झहागेनने तो चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटा पत्ता बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला दिसला, ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही सापडला.

'२१, ७७' हे उत्तर मोघम आहे, पण खरे आहे. चिठ्ठीवरचे 'मांडवी' नेमके होते, पण खोटे. विज्ञानाला पहिले चालते, दुसरे चालत नाही.

आणि प्रवाळांचे काय?

तर मग सगळेच लपवून ठेवावे का? नाही. मालवणचा समुद्र पाहा. तेथे १९८७ साली २९.१२ चौ. कि.मी. क्षेत्राचे सागरी अभयारण्य घोषित झाले. या पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते आणि ती अतिशय सावकाश वाढते. होडीचा नांगर वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडू शकतो. नांगर टाकणाऱ्याला खाली प्रवाळ आहेत हे माहीत नसेल, तर तो बिचारा काय करील? त्याला ती जागा काही मीटरपर्यंत अचूक कळली पाहिजे. पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडू लागले का, हे पाहणाऱ्या शास्त्रज्ञालाही दरवर्षी त्याच जागी बुडी मारावी लागते. पण तेथून प्रवाळाचा तुकडा तोडून नेऊ पाहणाऱ्याला एकही दशांश स्थळ देण्याचे कारण नाही.

म्हणजे 'सांगावे की लपवावे' एवढ्यावर प्रश्न संपत नाही. कोणाला, कशासाठी आणि किती दशांश स्थळांपर्यंत, हे तीन प्रश्न विचारायचे असतात. आईला तुमचा पत्ता पाच स्थळांपर्यंत हवा. अनोळखी खेळाच्या ॲपला तो मुळीच नको. हे विचारण्याचा तुम्हाला हक्कही आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.

करून पाहा

घरातील मोठ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या मोबाइलमधील एखाद्या फोटोचा 'तपशील' उघडा. अक्षांश-रेखांश दिसले, तर वहीत लिहून घ्या. मग शेवटचा एकेक अंक कमी करीत जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक वेळी किती मोठी चौकट होते, ती काढा. तुमचे घर कोणत्या पायरीला दिसेनासे होते? नंतर मोबाइलमधील ॲपची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याच्या कामाला किती दशांश स्थळे पुरतील ते लिहा. ज्याच्यापुढे 'शून्य' येईल, त्याची परवानगी काढून टाका.

ते कडुनिंबाचे झाड अजून उभे आहे. यंदा त्याच्या ढोलीत पुन्हा हालचाल दिसते, असे काका सांगतात. तुम्हाला त्याचा पत्ता हवा असेल, तर घ्या लिहून : २०.९ उत्तर, ७७.८ पूर्व. अमरावतीच्या पूर्वेची सुमारे ११ कि.मी. लांब आणि १० कि.मी. रुंद चौकट. पत्ता अगदी खरा आहे. त्यापुढचे अंक मात्र माझ्यापाशी आणि काकांपाशीच राहतील.