संधी मागायला किती खर्च येतो? तरुण शास्त्रीय कलाकारांसाठी हिशोब

रियाझ पक्का आहे, गुरूंनी मंचावर बसायला परवानगी दिली आहे, तरी कार्यक्रम मिळत नाहीत, असे म्हणणारे तरुण गायक-वादक पुण्या-मुंबईपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत भेटतात. यातल्या अनेकांनी एकाही आयोजकाला स्वतःहून विचारलेले नसते. आपण होऊन मागणे बरे दिसत नाही, असा संकोच असतो आणि ‘ओळख नाहीतर पैसा लागतो’ ही धास्तीही असते. विचारायला खर्च जवळजवळ नाहीच. पैसे कुठे घालावेत आणि कुठे मुळीच घालू नयेत, ते आधी समजून घ्या.

ध्वनिमुद्रण : इथे खर्च करा

नव्या कलाकाराला बोलावण्याआधी आयोजकाला त्याचे गाणे ऐकायचे असते. पंधरा-वीस मिनिटांचे, एकाच रागाचे, विलंबित आणि द्रुत दोन्ही असलेले आणि कुठेही जोडकाम न केलेले मुद्रण पुरते. चित्रणाला मोबाइल चालतो, पैसे आवाजासाठी ठेवा. स्टुडिओ बहुधा तासावर आकारणी करतात. तारीख ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा :

- मिक्सिंग त्याच दरात आहे का?
- तबला, संवादिनी आणि तानपुरा यांना स्वतंत्र माइक मिळतील का?
- मूळ फाइल हाती मिळेल का?

तबला-संवादिनीच्या साथीदारांचे मानधन आधीच ठरवा. हे मुद्रण यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा पाठवता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.

विचारणा : खर्च नाममात्र

कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३पासून आहे, पुणे भारत गायन समाज १९११पासून. गावोगावची लहान संगीत मंडळेही नेटाने बैठका करतात. ज्या मंडळात गायचे आहे तिथे आधी श्रोता म्हणून जा. तिथली बैठक किती वेळाची असते, श्रोते कसे आहेत, ते पाहा. मग कार्यवाहांना पाच-सहा ओळींचा निरोप पाठवा : नाव, गुरू, तालमीची वर्षे, मुद्रणाचा दुवा आणि नेमकी मागणी. ‘काही असेल तर कळवा’ असे मोघम लिहू नका. ‘नवोदितांच्या सत्रात ४० मिनिटे गाण्याची इच्छा आहे’ असे लिहिले, तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाते. उत्तर आले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. महोत्सवासाठी निदान सहा महिने आधी विचारा. आणि हे सगळे गुरूंच्या कानावर घालूनच करा.

आकाशवाणीची स्वरचाचणीही द्या. बी, बी-हाय, ए आणि टॉप या श्रेणींना आजही मान आहे. चालू शुल्क आणि अर्ज यांची चौकशी जवळच्या केंद्रावर करा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला आहे : दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. अर्ज केल्याशिवाय तीही मिळत नाही.

कार्यक्रम मिळाला, आता वजाबाकी

समजा, परगावच्या मंडळाने एकूण १५,००० रुपये देऊ केले.

- तबला : ४,०००
- संवादिनी : ४,०००
- तिघांचा प्रवास : ३,६००
- तुमच्या हाती : ३,४००

हे आकडे नमुन्याचे आहेत, पण वजाबाकी अशीच होते. म्हणून होकार देण्याआधी विचारा : साथीदार कोण ठरवणार? प्रवास आणि मुक्काम वेगळा आहे का? पैसे कधी मिळणार? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. साथीदारांचे पैसे वेळेवर देण्याची जबाबदारी तुमच्यावर असते. ठरलेले सगळे व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या.

पैसे देऊन मंच : घेऊ नका

‘सहभाग शुल्क भरा, मंच आणि पुरस्कार मिळवा’ असे निरोप नवोदितांना हमखास येतात. परीक्षेचे किंवा स्पर्धेचे माफक प्रवेशशुल्क समजण्यासारखे आहे. पण ज्या कार्यक्रमाचा खर्च कलाकारांच्याच खिशातून निघतो, तिथे चोखंदळ श्रोता आणि दुसरा आयोजक क्वचितच असतो. तोच पैसा तालमीवर घाला. पैसे भरूनही कबूल केलेली सेवा मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑनलाइन फसवणूक झाली, तर लगेच १९३० लावा.

कागदपत्रे

स्वतः बांधलेल्या बंदिशीचा हक्क तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पुरावा हवा असेल, तर कॉपीराइट कार्यालयात संगीतरचनेचे शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाचे २,००० रुपये आहे. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. आयोजकाने टीडीएस कापला असेल, तर विवरणपत्र भरा. कर लागू नसल्यास ती रक्कम परत मिळते.

सुरुवात कुठून?

या आठवड्यात पाच मंडळांची यादी करा आणि त्यातल्या दोघांना निरोप पाठवा. कोणी नाही म्हणाले, तर काय कमी पडले ते नम्रपणे विचारा आणि पुढच्या हंगामात पुन्हा विचारा. चांगले गाणे ऐकवण्याची मंडळांनाही तितकीच निकड असते. तुम्ही तयार आहात, हे त्यांना तुम्हीच कळवायचे आहे.