कपाशीची आई कोण? हरितलवकाने दिलेलं उत्तर



दहावीला उत्क्रांतीचे पुरावे शिकवताना आपण जीवाश्म, अवशेषांगे सांगतो. मुलं पाठ करतात, पण ते त्यांना दूरचं वाटतं. धुळे-जळगावच्या मुलांसाठी एक पुरावा बांधावरच उभा आहे : कपाशी.

देशी आणि अमेरिकन कपाशी या गॉसिपियम या एकाच प्रजातीतल्या वेगवेगळ्या जाती. आज शेतात दिसणारी बीटी कपाशी बहुतेक अमेरिकनच. देशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकनमध्ये ५२. त्यातली २६ मोठी, देशीसारखी. उरलेली २६ लहान, अमेरिका खंडातल्या रानकपाशीसारखी. म्हणजे दोन घराण्यांचा संकर झाला, हे गुणसूत्रांवरून कळलं. पण त्यात आई कोण, बाप कोण?

इथे हरितलवक कामाला येतं. त्याचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. कपाशीत सुमारे १ लाख ६० हजार अक्षरांचा. केंद्रकातला डीएनए आईबाप दोघांकडून येतो. हरितलवकाचा मात्र कपाशीत फक्त आईकडून, बीजांडातून येतो. शिवाय तो फार सावकाश बदलतो. म्हणून जितके फरक कमी, तितकं आईकडचं नातं जवळचं.

अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ जोनाथन वेंडेल यांनी १९८९ मध्ये विकरांनी या डीएनएचे तुकडे करून वेगवेगळ्या कपाशींची तुलना केली. अमेरिकन कपाशीचं हरितलवक निघालं देशीच्या घराण्यातलं! हा संकर साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वीचा, शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा. बी समुद्रावरून वाहत गेलं असावं, असं मानतात.

वर्गात हे करून बघा. डीएनएच्या चार अक्षरांऐवजी क, ख, ग, घ घ्या आणि फळ्यावर या ओळी लिहा (फक्त नमुन्यासाठी) :

देशी : क ग ख घ क ख ग घ
अमेरिकन : क ग ख घ क ख ग ख
रानकपाशी : ख ग क घ क घ ग घ

मुलांना फरक मोजू द्या. देशी-अमेरिकन १, देशी-रानकपाशी ३, अमेरिकन-रानकपाशी ४. मग विचारा, "आईकडून जवळचे कोण?" उत्तर ती स्वतःच देतील.

दोन गोष्टी मात्र नीट सांगा. एक, आजची देशी ही अमेरिकनची आई नव्हे. ती आईच्या घराण्यातली नातेवाईक. दोन, हरितलवक फक्त आईची बाजू सांगतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बापाकडचं अर्धं घराणं दिसलंच नसतं. त्यासाठी केंद्रकच बघावं लागतं.

पालकहो, शेतात गेलात तर मुलाला एवढंच विचारा : "या पानातला कुठला डीएनए फक्त आईचा?" तेवढं सांगता आलं, की पाठ समजला.