पुढचा ढीग

पोरी, परवा रात्री गच्चीवर तुमचा खेळ चालला होता तेव्हा मी खाटेवर पडून ऐकत होतो. झोपलो नव्हतो. चार गॉब्लिन मारायला तुम्हाला पावणेदोन तास लागले. नियमपुस्तकात एक राउंड म्हणजे 6 सेकंद. तुमचे राउंड झाले चार, म्हणजे लढाई 24 सेकंदांची. धनुर्धर झालेला पोट्टा मधेच खाली जाऊन उसाचा रस पिऊन आला, तरी त्याची पाळी आलेली नव्हती.

मी हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ पुण्यात हॉस्टेलवर शिकलो, 1981 च्या बेसिक पुस्तकाच्या झेरॉक्सवरून. पण लढाई कशी हाकायची ते त्याआधीच शिकलो होतो, इथं हिंगणघाटात, तुझ्या आजोबांच्या मागं फिरत. ते अडत्याकडे मुनीम होते. कापूस तेव्हा एकाधिकार खरेदीत जायचा, त्याचा लिलाव नसे. तुरीचा, ज्वारीचा असे. आवारात ढीग मांडलेले, व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर. मूठभर दाणे तळहातावर, बोली, चिठ्ठी, चला. एका ढिगावर बोली चालू असतानाच आजोबा पुढच्या शेतकऱ्याला हाक मारत, ‘‘भाऊ, ताडपत्री काढून ठेव.’’ घोळका पोचायचा तेव्हा माल उघडा असायचा. बोलीला वेळ लागत नाही, म्हणत, ताडपत्रीला लागतो.

तुमची ताडपत्री म्हणजे ‘‘आता कोण? मी? थांब, बघू दे.’’ परवा हे मी किती वेळा ऐकलं, मोजायचं सोडून दिलं. म्हणून नाव एकाचं घेऊ नकोस, दोघांची घे: ‘‘आता चोर, मागून जादूगार तयार.’’ इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळ्यांचा, क्रम वहीत लिहून स्वतःपुरता ठेवू नकोस. कपडे वाळवायचे चिमटे घे, प्रत्येकावर एक नाव लिही आणि तुझ्या पुठ्ठ्याच्या आडोशावर ओळीनं लाव. सगळ्यांना दिसतील. कुणी पडला की चिमटा काढ. आईला विचारून घे म्हणजे झालं.

जादूगाराला वेगळं सांग. त्याचा फायरबॉल म्हणजे आठ फासे. ते तो एकेक करून टाकतो, मग बोटावर बेरीज करतो, मग चुकतो. निशाण्याचा वीस बाजूंचा फासा आणि मारायचे फासे एकाच मुठीतून टाकायची सवय तलवारवाल्यांना लाव. लागला नाही तर मारायचे फासे बघायचेच नाहीत. आणि तू स्वतः राक्षसांचा मार टाकतच बसू नकोस. गॉब्लिनच्या तलवारीचा सरासरी मार 5, तो पुस्तकात छापलेला आहे. पाच म्हण आणि पुढं जा. गॉब्लिनला वार बसायला 15 लागतात हे दोन वार झाले की सांगून टाक. त्यात लपवण्यासारखं काय आहे? ‘‘पंधरा लागतो का गं?’’ हा प्रश्न सहा जणांनी विचारायचा वाचतो.

नियमावरून वाद झाला की पुस्तक उघडायचं नाही. तू ठरवायचं, खेळ संपल्यावर शोधायचं, चुकलीस तर पुढच्या वेळी तसं सांगायचं. यात बेअब्रू काही नाही. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यानं राइसविट्झचा ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ घेतला. नकाशा, सोंगट्या, फासे, कोष्टकं, सगळं होतं, पण त्या कोष्टकांत अधिकारी अडकून पडत. 1876 मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानं कोष्टकं बाजूला सारली आणि निवाडा अनुभवी पंचावर सोडला. तुझ्या या डीएमच्या, खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीचं मूळ तिथवर जातं. सैन्यवाल्यांना जे चाललं ते आपल्या गच्चीला चालेल.

मोजमापाचंही तेच. तुमचा धनुर्धर पट्टी घेऊन चौकोन मोजत होता. आपल्या गावात विल्यम लॅम्टनची कबर आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ साखळी टाकून हा माणूस देश मोजायला लागला, आणि मोजता मोजता इथं येऊन 20 जानेवारी 1823 ला मेला. मोजणी ज्याला करायची होती त्यानं केली. तू ‘‘पोचतो’’ नाहीतर ‘‘नाही पोचत’’ एवढंच सांग.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. चारपैकी तीन गॉब्लिन मेले, चौथा जखमी, आणि तरी तो लढतच राहिला. काहून? त्याला जीव नाही? शेवटचा पाऊण तास त्या एकट्यावर गेला. माझ्या झेरॉक्सवाल्या पुस्तकात प्रत्येक राक्षसाला धैर्याचा आकडा होता, 2 ते 12. पहिला गडी पडला की दोन फासे टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. आकड्याच्या वर पडलं की पळाले किंवा शरण आले. नव्या पुस्तकात तो आकडा गेला, पण तुला कोण अडवतं? पळालेला गॉब्लिन पुढच्या रविवारी भाऊबंद घेऊन येतो, ही तर फुकटची गोष्ट मिळाली.

पाळी आल्यावर कुणी विचार करत बसला की दहापर्यंत मोजायचं, पण ते जपून कर. ती चष्मेवाली पोरगी नवीन आहे, बावरते. तिच्यापुढं दहापर्यंत मोजू नकोस. बाकीच्यांपुढं बिनधास्त मोज, दहा झाले की त्याचं पात्र नुसतं वार चुकवत उभं राहिलं असं धर. तिला दोन वाटा दाखव, ‘‘दार अडवतेस की जखमीला ओढतेस?’’ आणि कुणाचं पात्र मरायला टेकलं असेल तर घाई मुळीच करू नकोस. तो फासा सावकाश पडू दे. परवा चोर मरता मरता वाचला तेव्हा मीही खाटेवर उठून बसलो होतो.

रविवारी ऑगर आणणार आहेस म्हणे. 2014 च्या पुस्तकात त्याला जिवाचे 59 पॉइंट आहेत, पण 30 वर आला की गदा टाकून पळू दे. आणि नऊला सुरू करा, मला दहाला झोप येते.