ट्रम्पेट कीबोर्डला जुळवताना

ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डची मधली पांढरी सहा सहसा ४४० हर्ट्झवर असते. ट्रम्पेटवर कोणताही व्हॉल्व्ह न दाबता लावलेला सूर त्याच्या काळी पाचशी जुळावा लागतो. सूर चढा असल्यास मुख्य स्लाइड बाहेर ओढतात, उतरलेला असल्यास आत सारतात. त्याआधी वाद्य फुंकून गरम करावे. थंड ट्रम्पेट उतरलेले बोलते आणि मांडवातल्या उकाड्यात तेच चढते.

एवढे करूनही सूर बसत नसेल, तर वाद्याचे मूळ तपासावे. ब्रिटिश ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत सुमारे ४५२ हर्ट्झच्या चढ्या पट्टीत वाजत. त्या पट्टीची वाद्ये आजही जुन्या बाजारात येतात. काहींवर 'एचपी' अशी अक्षरे कोरलेली असतात, अनेकांवर काहीच नसते.

प्रस्तुत लेखकाला एका विक्रेत्याने असेच ट्रम्पेट 'अस्सल विलायती' म्हणून विकले. स्लाइड नेहमीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त ओढल्यावर मोकळा सूर बरोबर बसे, पण व्हॉल्व्ह दाबताच चढे. तालमीत सर्वांदेखत दोष लेखकाच्या कानाला दिला गेला. विक्रेता 'रियाज वाढवा' एवढेच सांगत राहिला. ट्यूनरपुढे एकेक व्हॉल्व्ह दाबून पाहिल्यावर उलगडा झाला. मोकळ्या सुरात काटा मधोमध, दुसऱ्या व्हॉल्व्हवर किंचित उजवीकडे, पहिल्यावर आणखी. पहिला-तिसरा ही जोडी कोणत्याही ट्रम्पेटवर चढीच असते. येथे एकटा पहिलाही चढा होता. मुख्य नळी लांबवली होती, व्हॉल्व्हच्या नळ्या मात्र मूळ मापाच्याच होत्या. कान शाबूत होता, खोट वाद्यात होती. विक्रेत्याने ते हातातही न घेता 'जुना माल परत होत नाही' म्हणून वाटेला लावले.

अशा वाद्यात व्हॉल्व्हच्या स्लाइडही ओढाव्या लागतात: पहिली सुमारे अडीच मिलिमीटर, दुसरी जेमतेम एक, तिसरी चार. पहिल्या-तिसऱ्या जोडीसाठी तिसरी स्लाइड वाजवतानाच कडीत बोट घालून आणखी पुढे ढकलावी. स्लाइडना वरचेवर ग्रीस लावावे.

जुने ट्रम्पेट घेताना ट्यूनर सोबत न्यावा. मोकळा सूर जुळवायला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ओढ लागणे नेहमीचे आहे. तीनच्या पुढे जावे लागले, तर ते वाद्य घेऊ नये. विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नये आणि पावतीवर परतीची अट लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बँडप्रमुखांनीही वादकाला बेसूर ठरवण्याआधी त्याचे वाद्य ट्यूनरवर तपासावे.